शिक्र्याचें भोजन

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो खरें पाहतां डोळ्यांचा विषय आहे, कानांचा नव्हे. छायाचित्रांविषयीं नभोवाणीवर बोलणें म्हणजे दिवा मालवून रंगांचें वर्णन करण्यासारखें आहे. तथापि त्यांत माझी एक सोयहि आहे. चित्र तुम्हांला दिसणार नाहीं, म्हणून तें कोणत्या झाडाखालीं काढलें हेंहि तुम्हांला ओळखतां येणार नाहीं. वर्धा शहरांतील एका बागेंतली ही हकीकत आहे, एवढें सांगतों. बागेचें नांव सांगत नाहीं. कां, तें ओघानें पुढें येईल.

मी पेशानें शिक्षक. मॅट्रिक होऊन अध्यापनाचें शिक्षण घेतलें आणि आर्वी व कारंजा या तालुक्यांतील खेड्यांतून छत्तीस वर्षें मुलांना बाराखडी व पाढे शिकविले. पक्षिशास्त्राचा मी पंडित नव्हें. शाळेच्या पडवींतून जें दिसेल तें पाहावें व मुलांना दाखवावें, एवढाच माझा त्या विद्येशीं संबंध. सेवानिवृत्तीनंतर मुलीनें एक कॅमेरा व त्याला लावावयाचें चारशें मिलिमीटरचें लांब भिंग मला भेट दिलें. किंमत तिनें सांगितली नाहीं, मीं विचारली नाहीं. पुढें एका दुकानांत सहज चौकशी केली, तेव्हां आपण विचारलें नाहीं तें बरेंच झालें असें वाटलें. एवढी मौल्यवान वस्तु घरांत ठेवून तिच्यावर धूळ बसूं देणें हें मास्तराच्या स्वभावांत नाहीं. म्हणून रोज पहांटे ती गळ्यांत अडकवून मी बागेंत जाऊं लागलों.

वाघ पाहावयाचा झाला म्हणजे आमच्याकडील मंडळी उघड्या जीपगाडींतून बोरच्या जंगलांत जातात. १९७० सालीं अभयारण्य व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालेलें हें जंगल वर्धा जिल्ह्याचें भूषण आहे, यांत संशय नाहीं. परंतु गाडी, तिकीट आणि वाटाड्या यांचा खर्च ज्याला परवडत नाहीं त्याच्यासाठीं गांवांतल्या बागेंतहि एक वाघ बसलेला असतो. आकारानें तो कबुतराएवढा. पण झेंप, दबा आणि नजर या तीन गोष्टींत तो वाघाला हार जाणार नाहीं. त्याचें नांव शिक्रा.

बाग फार मोठी आहे असें समजूं नका. चारपांच कडुनिंब, दोन जुने शिरीष, करंजांची एक रांग, मुलांची घसरगुंडी, पेन्शनरांचीं बांकें आणि एक गळका नळ. या नळाखालीं डबकें साचतें. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हां आसपासच्या चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, सातभाई व खारी दिवसभर त्या डबक्याभोंवतीं असतात. आणि जेथें एवढें गिऱ्हाईक जमतें तेथें शिकारी येणारच. नळ दुरुस्त व्हावा म्हणून एका सद्गृहस्थांनीं अर्ज केला होता. तो कोठें तरी पडून राहिला, ही या बागेवर झालेली मोठीच कृपा होय.

शिक्र्याची पाठ राखी असते, पोटावर तांबूस आडव्या रेघा असतात, आणि मोठ्या नराचा डोळा गुंजेसारखा लाल असतो. मादी नराहून आकारानें मोठी. बहुतेक शिकारी पक्ष्यांत हीच रीति आहे. ती तशी कां, यावर पक्षिशास्त्रज्ञांचें अजून एकमत झालेलें नाहीं. लोक त्याला कोणी ससाणा म्हणतात, कोणी बाज म्हणतात. जाणते लोक मात्र हे तीन निराळे पक्षी मानतात. पक्ष्यांचीं देशी नांवें गोळा करण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें ते वनाधिकारी मारुती चितमपल्ली २०२५ सालीं निवर्तले. त्यांचा 'पक्षिकोश' हाताशीं असला म्हणजे हा नांवांचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. बरें, शिक्र्याचीं सोंगें घेणारे पक्षीहि आहेत. पावशा दिसण्यांत हुबेहूब शिक्र्यासारखा, आणि कोतवाल त्याच्या आवाजाची अशी नक्कल करतो कीं मीहि अनेक वेळां फसलों आहें.

खऱ्या शिक्र्याची वर्दी डोळ्यांच्या आधीं कानांना मिळते. बागेंत चाललेला नेहमींचा कलकलाट एकाएकीं बदलतो. खारीचें चिरकणें तीक्ष्ण होतें, सातभाई एकाच ठिकाणीं जमून ओरडूं लागतात, आणि क्षणभरानें सारें शांत होतें. वर्गांत दिपोटी साहेब शिरल्यावर जी शांतता पसरत असे तशीच ही शांतता! ती पसरली कीं जागचें न हलतां फक्त मान वळवून पाहावें. कडुनिंबाच्या आंतल्या बाजूच्या एखाद्या आडव्या फांदीवर तो बसलेला असतो, आणि त्याच्या पायाखालीं कांहीं तरी असतें.

त्या सकाळीं त्याच्या पायाखालीं सरडा होता. ससाणा आपलें भक्ष्य चोंचीनें मान मोडून मारतो. शिक्रा पायांनीं मारतो. तो नखें रुतवितो आणि आवळतो, सोडतो आणि पुन्हां आवळतो. भक्ष्याचा प्राण पुरा जाईपर्यंत तो थांबतोच असें नाहीं. हें दृश्य सौम्य नव्हे. ज्यांचें मन कोंवळें आहे त्यांनीं या वेळीं फुलपांखरांचीं चित्रें काढावीं. भक्ष्य मोठें असेल किंवा जवळपास कावळा असेल, तर तो पंख व शेपूट पसरून त्याच्यावर मांडव घालतो. पक्षी धरलेला असेल तर आधीं त्याचीं पिसें उपटतो. तीं वाऱ्यावर तरंगत खालीं येतात, तेव्हां वर कोणी पिंजारी कापूस पिंजीत बसला आहे असा भास होतो. नंतर शांतपणें, लहान लहान तुकडे तोडून, तो जेवूं लागतो. पोट भरलें म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी फुगून वर येते. मग तो चोंचीची एक बाजू फांदीला पुसतो, दुसरी बाजू पुसतो, अंग झाडतो आणि उडून जातो. न पचलेलीं पिसें व हाडें यांची गोळी करून ती तो पुढें केव्हां तरी तोंडावाटे टाकून देतो. अशा गोळ्या मीं शाळेंत असतांना मुलांकडून पाण्यांत भिजवून सोडवून घेतल्या आहेत. त्यांतून उंदराच्या जबड्याचा एवढासा तुकडा निघाला म्हणजे मुलांना जो आनंद होई, तो क्रमिक पुस्तकाच्या कोणत्याहि धड्यानें मला देतां आला नाहीं.

आतां चित्र काढण्याविषयीं. यंत्राचें काम अवघड नाहीं. पहांटे साडेसहापासून साडेआठपर्यंतचा उजेड चांगला. त्यापुढें आमच्या उन्हाळ्यांत जमिनींतून वाफा निघूं लागतात आणि लांबच्या भिंगांतून पाहिलेला पक्षी पाण्यांत बुडाल्यासारखा थरथरतो. मान हालवून मांस तोडणाऱ्या पक्ष्याचें चित्र फिसकटूं नये म्हणून पडदा एक हजारांश सेकंदांत मिटावा लागतो. पाठीमागें उघडें आकाश असेल तर पक्षी काळा ठिक्कर येतो. मागें पानें असलेली जागा धरावी. हें सर्व एका महिन्यांत शिकतां येतें. मला शिकावयास दोन वर्षें लागलीं ती गोष्ट वेगळी होती. ती म्हणजे मोजणें.

शिक्रा निर्धास्त असला म्हणजे मान खालीं घालून पांच, सहा, कधीं सात वेळां मांस तोडतो, आणि मग एकदां डोकें वर करून चहूंकडे पाहतो. मी त्याला न आवडेल इतका जवळ गेलों कीं ही संख्या तीनवर येते. आणखी दोन पावलें टाकलीं कीं एक घांस, एकदां पाहणें. एक घांस, एकदां पाहणें. त्याच्यापुढची पायरी म्हणजे खाणें थांबवून मान उंच करणें व अंगाचीं पिसें घट्ट मिटून घेणें. मग तो शेपूट उचलून विष्ठा टाकतो आणि उडतो. उडतांना कधीं भक्ष्य पायांत असतें, कधीं तें खालीं पडतें. पडलेलें भक्ष्य उचलावयास माणसाच्या देखत तो सहसा येत नाहीं. त्याच्यावर कावळ्यांची सोय होते. तेव्हां छायाचित्रकारानें किती अंतरावर उभें राहावें हें पुस्तकांत पाहूं नये. पक्षी घांसांच्या संख्येनें तें स्पष्ट सांगत असतो. माझ्या शिक्र्याचें अंतर चाळीस पावलें होतें. एखाद्या दुसऱ्याचें साठ असेल.

आपल्या घरांतून लहानपणापासून एक गोष्ट शिकविली जाते, कीं जेवत्या माणसाला पानावरून उठवूं नये. दारांत सावकार आला, तरी "ते जेवताहेत, बसा" असें बायका सांगत, आणि सावकारहि बसे. ही साधी मर्यादा हातांत कॅमेरा आल्याबरोबर आपण कशी विसरतों याचें मला राहून राहून नवल वाटतें. आपल्याला भूक लागली तर घरांत डबा असतो. शिक्र्याच्या अनेक झेंपा फुकट जातात तेव्हां एक साधते. त्या एकीवर तो जेवावयास बसलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं आपण त्याच्या समोर येतों. कारण तो एका जागीं बसून राहतो अशी तीच एक वेळ असते.

शिकारी पक्ष्याच्या अन्नांत बिघाड झाला म्हणजे काय होतें, हें गिधाडांनीं आपल्याला दाखविलें आहे. माझ्या बालपणीं गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकलें कीं तासाभरांत आकाश गिधाडांनीं भरून जाई. १९९० नंतरच्या वर्षांत तीं हां हां म्हणतां नाहींशीं झालीं. गुराढोरांच्या अंगदुखीवर दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जातें व त्यांचीं मूत्रपिंडें बंद पाडतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें. आणि २००६ सालीं गुरांसाठीं तें औषध करण्यास व विकण्यास आपल्या देशांत बंदी झाली. तोंपर्यंत शेंकडा नव्वदाहून अधिक गिधाडें गेलीं होतीं. कोणीं त्यांना दगड मारला नव्हता. त्यांच्या पानांत विष पडलें होतें, एवढेंच.

पक्ष्यांचीं चित्रें काढण्याच्या प्रारंभीच्या काळांत घरट्याजवळ गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. भिंगें आंखूड, फिल्म मंद, उजेड तोकडा. म्हणून घरट्यापाशीं कापडाची राहुटी उभारावयाची, ती रोज थोडी थोडी पुढें सरकवावयाची, आणि तींत तासन्‌तास बसून राहावयाचें. एरिक हॉस्किंग हे इंग्लंडांतील नामांकित छायाचित्रकार अशाच रीतीनें काम करीत. १९३७ सालीं वेल्समध्यें घुबडाच्या घरट्याजवळ रात्रीं आपल्या मचाणावर चढत असतां मादीनें अंधारांतून त्यांच्यावर झडप घातली व त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. त्यांनीं घुबडाला दोष दिला नाहीं, आणि छायाचित्रणहि सोडलें नाहीं; उरलेल्या एका डोळ्यानें पुढें पन्नासाहून अधिक वर्षें काम केलें. १९७० सालीं लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनीं जें इंग्रजी नांव दिलें त्याचा एक अर्थ 'पक्ष्यासाठीं एक डोळा' असाहि होतो. आज लांब भिंगामुळें ती जुनी अडचण उरलेली नाहीं. अडचण गेली, पण संवय राहिली. चाळीस पावलांवरून उत्तम चित्र निघत असतांहि आपले पाय पुढें पुढें जातात, तें भिंगामुळें नव्हे. शेजाऱ्यानें तीस पावलांवरून काढलेलें असतें म्हणून.

आतां जें सांगावयाचें आहे तें सांगावयास मला संकोच वाटतो.

२०१८ सालीं वर्धेकरांनीं रीतसर मतदान करून नीलपंख हा आपला शहरपक्षी निवडला. तेव्हांपासून आमच्या गांवांत पक्षी पाहण्याची हौस पुष्कळ वाढली, आणि ती वाढली हें चांगलेंच झालें. मीहि व्हॉट्सॲपवरील एका मंडळांत सामील झालों. २०२२ सालच्या मार्च महिन्यांत आमच्या बागेंतील एका कडुनिंबावर शिक्र्याच्या जोडीनें काटक्या जमवून घरटें बांधलें. मादी तीन आठवडे अंड्यांवर बसली. नर भक्ष्य धरून आणी, दुरूनच हांक मारी, मादी उठून येई आणि फांदीवरच त्याच्या पायांतून घांस आपल्या पायांत घेई. एका सकाळीं हा सरड्याचा लेनदेन-व्यवहार माझ्या भिंगासमोर झाला. दोघांचे डोळे, दोघांचे पाय आणि मधें सरडा, सर्व कांहीं स्वच्छ! मास्तराच्या आयुष्यांत असे प्रसंग थोडे येतात. मीं तें चित्र मंडळांत घातलें, आणि खालीं बागेचें नांव, झाडाची खूण व वेळ, सर्व लिहिलें. वही तपासतांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं उत्तर पूर्ण लिहावें. तें मीं पूर्ण लिहिलें.

पुढच्या रविवारीं त्या झाडाखालीं आठ जण उभे होते. सर्व सुशिक्षित, सभ्य माणसें, मला पाहून त्यांनीं "गुरुजी, काय चित्र काढलंत!" म्हणून माझें अभिनंदन केलें, आणि मी सुखावलों. थोड्या वेळानें नर आला. त्याच्या पायांत सरडा होता. झाडाखालीं गर्दी पाहून तो जवळ आलाच नाहीं. रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर बसला. घरट्यांतून मादी ओरडत होती. मीं घड्याळ पाहिलें: चाळीस मिनिटें तो तसाच बसून होता. मग त्यानें तो सरडा स्वतःच खाऊन टाकला.

चित्र मिळत नाहीं असें पाहून एका तरुणानें मोटारसायकलवरून एक पुठ्ठ्याची पेटी आणली. तींत पाळीव पांढरे उंदीर होते. एकाच्या मागच्या पायाला नायलॉनची बारीक दोरी बांधून ती त्यानें एका खुंटाला गुंडाळली व उंदीर उघड्यावर सोडला. मीं "अहो, हें बरें नव्हे" असें म्हटलें. खरें सांगतों, माझा आवाज त्या दिवशीं वर्गांतल्या मागच्या बांकापर्यंतहि पोंचला नसता. पूर्वीं शिकारीसाठीं श्येन पाळणारे लोक शिकाऊ पक्ष्याच्या पायांत दोरी बांधीत. कुमाऊंच्या राजा रुद्रदेवानें तर या विद्येवर संस्कृतांत ग्रंथच लिहिला आहे. पण ते निदान पक्षी आपला म्हणत व त्याच्या पोटाची जबाबदारी घेत. येथें पक्षी रानचा, दोरी आमची, आणि जबाबदारी कोणाचीच नाहीं. शिक्रा खांबावरून सुटला, उंदरावर पडला, उचलूं लागला आणि दोरीनें हिसका दिला. तो जमिनीवर कलंडला, पंख आपटले, पुन्हां उठला. तेवढ्या वेळांत आठहि कॅमेरे चालू होते. नववा माझा होता.

तें चित्र तांत्रिक दृष्ट्या माझें सर्वांत चांगलें चित्र आहे. संध्याकाळीं तें मीं माझ्या नातवाला दाखविलें. तो तेव्हां तिसरींत होता. त्यानें पडद्यावर बोटें ठेवून चित्र मोठें केलें आणि विचारलें, "आबा, उंदराच्या पायाला दोरी कां आहे?" मीं त्याला जें उत्तर दिलें तें येथें सांगण्यासारखें नाहीं, कारण तें खरें नव्हतें.

गुरुवारीं सकाळीं बागेच्या दारांतच माळी भेटला. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पाखराच्या पुढची फांदी तोडून टाकली जी कोणीतरी. काल दुपारी. मी जेवाले गेलो होतो." घरट्याच्या पुढें आलेली, पानांनीं भरलेली, हाताएवढी जाड फांदी करवतीनें कापून झाडामागें टाकलेली होती. आतां खालून घरटें उत्तम दिसत होतें. उन्हालाहि तें उत्तम दिसत होतें. मादी घरट्याच्या कांठावर उभी राहून, अर्धवट उघडलेल्या पंखांची सावली पिलांवर धरून, चोंच वासून धापा टाकीत होती. पिलें दोन होतीं. पांढरी लव, मोठीं डोकीं. त्या दिवशीं मीं कॅमेरा पिशवींतून काढला नाहीं. पण हें मी फार मोठें केलें असें म्हणत नाहीं. शनिवारीं सकाळीं घरट्यावर दोन कावळे होते आणि घरटें रिकामें होतें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची जी व्याख्या केली आहे तींत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणें याचाहि समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें शिकार करण्यास बंदूक लागत नाहीं, करवत पुरते. फांदी कोणीं तोडली तें मला कळलें नाहीं. कांहीं मित्र म्हणाले, वनखात्याकडे तक्रार करा. मीं कागद पुढें ओढला आणि हकीकत आरंभापासून लिहावयास घेतली. तेव्हां असें दिसलें कीं तींत पहिलें नांव माझें येतें.

शाळेंत असतांना शिबिराजाची गोष्ट मीं किती वर्षें सांगितली असेल! श्येनाला भिऊन कपोत राजाच्या मांडीवर येऊन बसतो, राजा त्याला अभय देतो, आणि त्याच्या वजनाएवढें स्वतःच्या अंगाचें मांस कापून तराजूंत घालतो. मुलें स्तब्ध होऊन ऐकत. पण महाभारतांत त्या कथेंत श्येनाचें एक मोठें भाषण आहे. तो राजाला विचारतो कीं माझें नेमून दिलेलें अन्न तूं काढून घेतोस. मी मेलों तर माझीं बायकापोरें मरतील. एकाला वांचवून इतक्यांना मारणें हा धर्म कोठला? तें भाषण मी दरवर्षीं दोन वाक्यांत उरकून तराजूकडे वळत असें. मुलांना तराजू आवडे, मलाहि आवडे. शिबीनें निदान श्येनाच्या पुढें दुसरें अन्न ठेवलें, आणि तें स्वतःच्या अंगाचें ठेवलें. दुकानांतून पेटी आणली नाहीं. श्येन काय म्हणत होता तें कडुनिंबाच्या त्या झाडाखालीं मला प्रथम नीट ऐकूं आलें.

त्या वर्षीं त्या जोडीनें पुन्हां घरटें केलें नाहीं. दोन वर्षें बागेंत शिक्रा अधूनमधून दिसे, पण राहत नसे. गेल्या उन्हाळ्यांत एक जोडी पुन्हां आली. झाड निराळें आहे. तें माळ्याला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. मंडळांत मी अजून आहें, चित्रेंहि घालतों, खालीं फक्त 'वर्धा' एवढें लिहितों. घरट्याकडे भिंग वळवीत नाहीं. शिक्रा घरट्यापासून दूर, डबक्याच्या बाजूला जेवावयास बसला, तरच समोरच्या सिमेंटच्या बांकावरून चित्र घेतों, आणि पंधरा मिनिटांनीं उठतों. माझीं पुष्कळशीं चित्रें आतां अर्धीं पानांआड असतात. मुलगी म्हणते, "बाबा, भिंग बिघडलं का?"

गेल्या हिंवाळ्यांत एक अनोळखी तरुण नवा कॅमेरा घेऊन माझ्या बांकापाशीं आला. "गुरुजी, इथं शिक्रा दिसतो म्हणे?" असें त्यानें विचारलें. मी म्हणालों, "दिसतो. रोज साडेसहाला येऊन येथें बसा." मला वाटलें, दोन दिवसांत कंटाळेल. तो आठ दिवस आला. नवव्या दिवशीं बुलबुलांनीं ओरडा केला, शांतता झाली, आणि करंजाच्या फांदीवर नर एक उंदीर घेऊन उतरला. साधा, मातकट रंगाचा, शेतांतला उंदीर. तरुण उठून पुढें जाऊं लागला. मीं त्याला हळूच म्हटलें, "त्याचे घांस मोजा." तो उभ्यानेंच मोजूं लागला. पहिल्यानें सहा झाले. तो चार पावलें पुढें गेला, तीन झाले. आणखी दोन पावलें गेला आणि शिक्र्यानें एकाच घांसानंतर मान वर केली. तरुणानें माझ्याकडे वळून पाहिलें. मीं कांहीं बोललों नाहीं. तो आलेल्या पावलांनीं मागें सरत येऊन बांकावर बसला. शिक्र्यानें थोडा वेळ आमच्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. आम्ही दोघे मनांतल्या मनांत मोजीत होतों. सातांपर्यंत गेलों.